शेऱ्याचा रकाना

जानेवारीत ससून डॉकला थंडी म्हणजे
पहाटे कानाला रुमाल, एवढीच.
खरी थंडी आम्ही दाराआड ठेवतो,
उणे बावीस, कोळंबीच्या खोक्यांसोबत,
आणि तिचं दर महिन्याला बिल भरतो.

पाच कंपन्यांचे पाच गॉगल आलेत माझ्या टेबलावर.
पाचही डब्यांवर एकच छाती ठोकलेली:
धुकं धरत नाही.
खरंखोटं करायला मला मिळालंय
एक छापील तक्ता, एक स्टॉपवॉच
आणि जोमा तांडेल.

तांडेलमामा कॉम्प्रेसरवर एकोणतीस वर्षं,
आतले वाल्वही तेच बघतात.
त्यांनी गॉगल चढवून आत जायचं,
मी भिंतीवर चिकटवलेली अक्षरं वाचायची
ग म भ न
आणि दिसेनासं झालं की हात वर.

पहिला, चाळीस सेकंद.
न गेला, भ गेला, मग भिंतच गेली.
दुसऱ्यावर कडेकडेनं बर्फ चढत आलं
खवल्याखवल्यानं.
तिसऱ्याला वर भोकं, हवा खेळावी म्हणून.
मामा म्हणाले, "बाय, ही भोकं अमोनियालाबी दिसतान."

चौथा टिकला.
अकरा मिनिटं.
अक्षरं वाचून झाली, खोक्यांवरच्या तारखा झाल्या,
शेवटी मामांनी माझ्या स्वेटरची उसवलेली वीण दाखवली.
मी बरोबरची खूण केली, जरा जोरातच,
आणि दार उघडलं.

बाहेर आपली हवा उभीच होती,
घामट, खारी, सुकटीच्या वासाची.
एका दमात येऊन काचेला चिकटली.
बाहेरून.
कंपनीनं लेप दिलेला आतून.
मामांच्या डोळ्यांच्या जागी दोन वाट्या ताक.
मागून ट्रॉली येत होती. हात आपसूक वर गेला,
गॉगल कपाळावर.

तेव्हा मी त्यांचा डावा डोळा नीट पाहिला.
सगळे सांगतात, वाल्व गळला त्यात गेला.
"वाल्व गळतोच," मामा म्हणाले.
"गॉगल व्हता ना माझ्याकडं. हितं व्हता."
आणि कपाळावर बोट ठेवलं.

मग त्यांनी उपाय मोजले, न विचारता:
अंगाचा साबण. दाढीचा फेस. बटाट्याची फोड.
थुंकी, पाण्यात बुडी मारणारे लावतात तशी.
"सगल्यांचा गुण येतो. चा होईस्तोवर."

पाचवा दुहेरी काचेचा, किंमत चौपट.
आत पास.
दारात तोही आंधळा, थोडा उशिरा आणि ऐटीत.

शेऱ्याचा रकाना बोटभर असतो.
मी बारीक अक्षरात लिहिलं:
काच हवेइतकी गरम होईपर्यंत
माणसाला दाराबाहेर उभं राहू द्यावं. दीड मिनिट.
गॉगल कुठलाही घ्या.

ऑफिसनं दीड मिनिटाला फेऱ्यांनी गुणलं,
फेऱ्यांना माणसांनी,
उत्तर लाल शाईत मला परत पाठवलं.
आणि पहिला नमुना मागवला, दोनशे नग.

आठवड्यानं गेले तर आतल्या भिंतीवर माझा कागद नव्हता.
तो दाराबाहेर होता, समोरच्या खांबावर,
चारी कोपऱ्यांना गॅस्केटची चिकटपट्टी.
मामा दारात, हात पाठीमागे बांधून,
दार जेवढं रुंद तेवढेच.
मागे तीन ट्रॉल्या खोळंबलेल्या, कोणी शिवी देत नाही.
"न दिसल्याबिगर पाय उचलायचा नाय,"
हे ते कोणाला सांगत होते, की खांबाला, कळलं नाही.

रांगेत एक नवा पोरगा, बालेश्वरचा, बिजय.
त्याला ही लिपी येत नाही.
तो काचेआडून डोळे बारीक करतो, थांबतो,
आणि पहिलं अक्षर उजळलं की ओरडतो,
"मामा, गळ दिसला!"